औषध तेच, कॅप्सूल वेगळी

१९५४ साली जगाच्या दोन टोकांना दोन घटना घडल्या. मार्च महिन्यात पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील पहिली औषध कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच १९५४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या शरीरात बसवले आणि ते काम करू लागले. मूत्रपिंडाचे हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण.

वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण आज प्रत्यारोपण झालेला रुग्ण जी कॅप्सूल रोज घेतो, तिच्यातील औषध बनवण्याची रीत पिंपरीला चांगली परिचयाची आहे. सूक्ष्मजीव मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवायचे आणि त्यांनी तयार केलेले रसायन वेगळे काढायचे, अशी ही रीत. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूला तेथील शास्त्रज्ञांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. त्याच्यापासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळाले. १९८४ साली जपानमध्ये त्सुकुबा पर्वताच्या परिसरातील मातीत याच कुळातला आणखी एक जिवाणू सापडला. त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस त्सुकुबाएन्सिस’. दोन्ही नावे गावाच्या मातीवरून पडलेली. या दुसऱ्या जिवाणूने जे औषध दिले, ते टॅक्रोलिमस. आजच्या लेखाचा विषय मुख्यतः तेच आहे.

आज पिंपरीत आणि चिंचवडमध्येही मोठ्या रुग्णालयांतून प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया होतात. शस्त्रक्रिया पार पडते, रुग्ण घरी येतो, पुन्हा कामावर जाऊ लागतो. औषधे मात्र, नवे मूत्रपिंड काम करीत असेपर्यंत, रोज घ्यावी लागतात. एखाद्या दिवशी दुकानात नेहमीच्या कंपनीची कॅप्सूल नसते. दुकानदार म्हणतो, “ही दुसऱ्या कंपनीची घ्या. औषध तेच आहे आणि स्वस्तही आहे.” घ्यावी की नाही? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर देताना मात्र जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडे गणित लागते. ते आपण क्रमाने पाहू.

शरीराचा पहारा

आपल्या रक्तातील टी-पेशी ‘आपले’ आणि ‘परके’ यांतला फरक ओळखतात. जंतूंपासून आपले रक्षण होते ते या ओळखीमुळे. पण दुसऱ्या व्यक्तीचे मूत्रपिंडही त्यांना परकेच वाटते. जुळ्या भावांचे प्रत्यारोपण यशस्वी झाले याचे कारण, एकसारख्या जुळ्यांच्या पेशींवरील खुणा सारख्याच असतात. बाकी सगळ्यांच्या बाबतीत हा पहारा थोडा ढिला करावा लागतो.

या कामासाठी पहिले उपयोगी औषध ठरले ॲझाथायोप्रिन. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून ते १९५७ साली तयार झाले आणि १९६० च्या दशकात प्रत्यारोपणासाठी वापरात आले. भारतात मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरला झाले, तेही या औषधांच्या काळातच. नंतर नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. पहारा ढिला करण्याचा तिचा गुण स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत १९७२ साली लक्षात आला आणि १९८३ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. टॅक्रोलिमसला तेथे १९९४ साली परवानगी मिळाली.

सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही दोन्ही औषधे एकाच ठिकाणी काम करतात. टी-पेशीला परकी खूण दिसली, की पेशीच्या आत कॅल्शियम वाढते. त्यामुळे कॅल्सिन्यूरिन नावाचे विकर जागे होते आणि त्याच्यामार्फत ‘हल्ला करा’ हा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. ही औषधे कॅल्सिन्यूरिनलाच रोखतात. पेशी जिवंत राहते, पण तिचा संदेश पुढे जात नाही.

थोडे कमीही नको, थोडे जास्तही नको

खरी अडचण येथून पुढे आहे. औषध कमी पडले तर पहारेकरी जागे होतात आणि नवे मूत्रपिंड नाकारले जाते. जास्त झाले तर हात थरथरतात, रक्तातील साखर वाढते, जंतुसंसर्ग बळावतो. शिवाय याच औषधाची जास्त मात्रा मूत्रपिंडाला इजा करते. ज्याला वाचवायचे त्यालाच धोका! कमी आणि जास्त यांच्यामधली योग्य जागा फार अरुंद आहे.

ती किती अरुंद, हे आकड्यांत पाहू. टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी सर्वसाधारणपणे एका मिलिलिटरला ५ ते १५ नॅनोग्रॅम एवढ्या मर्यादेत ठेवतात. प्रत्यारोपणानंतर सुरुवातीला ती जरा वरच्या बाजूला आणि नंतर खालच्या बाजूला असते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. पातळी ७ असेल तर शरीरातील सुमारे पाच लिटर रक्तात मिळून ३५ मायक्रोग्रॅम औषध असते. ते बारीक मिठाच्या एका कणाच्या वजनाइतकेही भरणार नाही.

ही पातळी मोजण्यासाठी सकाळची कॅप्सूल घेण्याच्या आधी रक्त घेतात. त्या वेळी औषध दिवसातील सर्वांत खालच्या पातळीवर असते. म्हणून तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यायचे आणि मग कॅप्सूल घ्यायची. हा क्रम उलटा झाला तर आकडा फसवा येतो.

जेनेरिक म्हणजे नक्की काय?

नवे औषध शोधणाऱ्या कंपनीला काही वर्षे त्याचे पेटंट मिळते. पेटंटची मुदत संपली की इतर कंपन्या तोच घटक बनवू शकतात. अशा औषधाला जेनेरिक म्हणतात. शोधाचा आणि मोठ्या चाचण्यांचा खर्च त्यावर नसल्यामुळे ते स्वस्त पडते.

भारतात ही गोष्ट थोडी वेगळ्या प्रकारे घडली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद केले. फक्त ते बनवण्याच्या रीतीवर पेटंट मिळे. २००५ सालापर्यंत हीच स्थिती होती. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस स्वतःच्या रीतीने तयार करून स्वतःच्या नावाने बाजारात आणली. पॅनेशिया बायोटेकची पॅनिम्यून आणि पॅनग्राफ ही त्यांतली परिचित नावे. म्हणजे आपला रुग्ण ज्याला ‘माझी ब्रँडची गोळी’ म्हणतो, ती बहुधा मुळात जेनेरिकच असते. फक्त तिला स्वतःचे नाव असते. म्हणून आपल्याकडचा प्रश्न ‘ब्रँड की जेनेरिक’ असा नसून ‘एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर जावे का’ असा आहे.

औषधाचा घटक तोच असेल तर फरक पडतोच का? टॅक्रोलिमस पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी सरासरी पाव भागच रक्तात पोहोचतो आणि हे प्रमाणही माणसागणिक फार बदलते. त्यामुळे घटकाचे कण किती बारीक आहेत, त्यांच्याबरोबर कोणता पूरक पदार्थ मिसळला आहे, कॅप्सूल किती वेळात फुटते, या सगळ्याला महत्त्व येते. सायक्लोस्पोरिन तर तेलात विरघळणारे. मूळ कंपनीनेच १९९५ च्या सुमारास त्याचे नवे, सूक्ष्म थेंबांत पसरणारे रूप बाजारात आणले. ते इतके वेगळ्या प्रकारे शोषले जाते, की जुन्या रूपाऐवजी ते तसेच देता येत नाही. येथे तर कंपनीही तीच आणि घटकही तोच होता!

८० आणि १२५ यांचा अर्थ

दोन गोळ्या समान आहेत हे ठरवायचे कसे? त्यासाठी जैवसमतुल्यतेची चाचणी असते. काही डझन निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध आणि काही दिवसांनी जेनेरिक औषध देतात. दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्त घेऊन आलेख काढतात. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे एकूण किती औषध रक्तात आले, आणि आलेखाचे शिखर म्हणजे जास्तीत जास्त पातळी. मग जेनेरिकचे मूळ औषधाशी गुणोत्तर काढतात. ते ८० ते १२५ टक्क्यांच्या मर्यादेत असले तर औषध उत्तीर्ण.

हे वाचून अनेकांची समजूत होते, की जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी किंवा २५ टक्के जास्त असते. ती बरोबर नाही. मर्यादेत बसवायचे असते ते नुसत्या सरासरीला नव्हे, तर सरासरीभोवतीच्या अनिश्चिततेच्या संपूर्ण पट्ट्याला. समजा, सरासरी गुणोत्तर ९३ टक्के आहे आणि पट्टा ८५ ते १०२ आहे. हे औषध उत्तीर्ण झाले. दुसऱ्याची सरासरी ९० आहे, पण पट्टा ७८ ते १०४ आहे. ते नापास झाले. त्यामुळे उत्तीर्ण होणारी औषधे बहुधा शंभराच्या जवळच असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातील २०७० चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा एकूण शोषणातील सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

वरची मर्यादा १२० नसून १२५ का, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. गुणोत्तर उलटे करून पाहा. ८० टक्के म्हणजे ४/५. त्याचा व्यस्त ५/४, म्हणजेच १२५ टक्के. मूळ औषधाची तुलना जेनेरिकशी केली काय किंवा जेनेरिकची मूळ औषधाशी केली काय, नियम तोच राहावा म्हणून हे आकडे निवडले आहेत. टॅक्रोलिमससारख्या अरुंद मर्यादेच्या औषधांसाठी युरोपने २०१० साली नियम अधिक कडक केला. एकूण शोषणासाठी ९० ते १११.११ टक्के अशी मर्यादा ठरली. ९/१० चा व्यस्त १०/९!

भारतात पाण्यात कमी विरघळणाऱ्या, तोंडाने घेण्याच्या औषधांसाठी ही चाचणी २०१७ साली सक्तीची झाली.

अ, ब आणि मूळ औषध

आता या पद्धतीतील एक खाच पाहू. ‘अ’ कंपनीचे औषध मूळ औषधाशी ताडून पाहिले, ‘ब’ कंपनीचेही मूळ औषधाशी ताडून पाहिले. अ आणि ब यांची परस्परांशी तुलना मात्र कोणी केली नाही. समजा, अ चे शोषण मूळ औषधाच्या ९२ टक्के आहे आणि ब चे १०८ टक्के. दोन्ही उत्तीर्ण आहेत. पण ब चे अ शी गुणोत्तर १०८/९२, म्हणजे सुमारे १.१७ झाले.

अ घेणाऱ्या रुग्णाची पातळी ७ असेल तर ब घेतल्यावर ती ८.२ च्या आसपास जाईल. हे चालण्यासारखे आहे. पण ब घेणाऱ्या एखाद्याची पातळी ५.५ असेल आणि तो अ घेऊ लागला, तर ती ४.७ वर येईल, म्हणजे पाचाच्या खाली. रुग्णाला त्या दिवशी काहीच जाणवणार नाही. ना ताप, ना वेदना. आणि पुढच्या महिन्यात दुकानात ‘क’ कंपनीचे औषध आले तर? दोष यांपैकी कोणत्याही एका औषधाचा नाही. दोष आहे कोणाच्याही नकळत होणाऱ्या अदलाबदलीचा.

अनुभव काय सांगतो?

निरोगी स्वयंसेवकांवरील चाचणी रुग्णांना लागू पडते का, ही शंका डॉक्टरांना बरीच वर्षे होती. अमेरिकेत सिनसिनाटी येथील संशोधकांनी मूत्रपिंड आणि यकृत यांचे प्रत्यारोपण झालेल्या सुमारे सत्तर रुग्णांवर तिची परीक्षा घेतली. मूळ टॅक्रोलिमस आणि परस्परांपासून सर्वांत वेगळी वाटणारी दोन जेनेरिक औषधे आळीपाळीने देऊन त्यांनी पातळी मोजली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तिन्ही औषधे कडक नियमानेही समतुल्य ठरली. चांगले जेनेरिक औषध हलके नसते, याचा हा ठोस पुरावा आहे.

दुसऱ्या बाजूची उदाहरणेही आहेत. अमेरिकेत सँगसाया नावाचे द्रवरूप जेनेरिक सायक्लोस्पोरिन सफरचंदाच्या रसातून घेण्यास सांगितले जाई. तसे घेतल्यावर ते मूळ औषधापेक्षा कमी शोषले जाते असे आढळले आणि २००० साली ते बाजारातून परत घेण्यात आले. ॲकॉर्ड या कंपनीच्या टॅक्रोलिमस कॅप्सूलचे एकूण शोषण मूळ औषधासारखे असले तरी शिखर जास्त उंच जाते, असे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली तिचा ‘बदली चालेल’ हा दर्जा काढून घेतला. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१२ सालीच सांगितले, की टॅक्रोलिमस नेहमी कंपनीच्या नावानिशी लिहावे आणि त्याच नावाचे द्यावे. जेनेरिक वापरू नका असे तिने म्हटलेले नाही. जे निवडाल ते बदलत राहू नका, एवढेच तिचे म्हणणे होते.

आपल्याकडेही १९४५ च्या औषध नियमांतील ६५ वा नियम याच अर्थाचा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत, चिठ्ठीत लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध दुकानदाराने स्वतःहून देऊ नये, मग त्यात घटक तोच असला तरी.

पाळी, पपनस आणि क्षयाच्या गोळ्या

पातळी बदलते ती केवळ कंपनी बदलल्यामुळे नव्हे. आपल्या औद्योगिक पट्ट्यातले एक उदाहरण घेऊ. समजा, एक कामगार सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता कॅप्सूल घेतो. या आठवड्यात त्याची पहिली पाळी आहे, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. रात्री नऊला तो कंपनीच्या बसमध्ये चाकणच्या वाटेवर असतो आणि कॅप्सूल घरी राहते. टॅक्रोलिमसचे अर्धायुष्य ढोबळमानाने बारा तास धरले, तर चुकलेल्या एका वेळेमुळे ८ ची पातळी सकाळपर्यंत ४ वर येते. जेनेरिक बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे. पाळी बदलली तरी घड्याळ बदलायचे नाही, आणि एक स्ट्रिप डब्याच्या पिशवीत कायम ठेवायची, हा त्यावरचा साधा उपाय.

यकृतातील आणि आतड्यातील काही विकरे टॅक्रोलिमसचे विघटन करतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे ही विकरे वाढतात आणि टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने खाली येते. उलट क्लॅरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक त्या विकरांना अडवतात, तेव्हा पातळी वर जाते. गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारे पपनसही असेच काम करते. म्हणून ग्रेपफ्रूटबरोबर पपनसही या रुग्णांसाठी वर्ज्य. साधे जुलाब झाले तरी पातळी वाढू शकते.

मग काय करावे?

स्वस्त जेनेरिक औषध घेण्यात कमीपणा नाही आणि धोकाही नाही. महागडे औषध परवडत नाही म्हणून रुग्ण दोनाऐवजी एक कॅप्सूल घेऊ लागतो, किंवा महिनाअखेरीस चार दिवस औषध सोडतो, तेव्हा मूत्रपिंड खरोखर धोक्यात येते. आयुष्यभर परवडेल असे औषध नियमित घेणे हे महागडे औषध तुटक घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, ॲझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट ही चारही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, ती याच कारणाने.

मात्र निवड सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून करावी. खर्च किती झेपेल हे संकोच न करता सांगावे. स्ट्रिपवरचे कंपनीचे नाव वहीत लिहून ठेवावे आणि दर वेळी ताडून पाहावे. औषध संपण्याच्या आठवडाभर आधीच पुढचे आणावे, म्हणजे ‘नेहमीचे नाही, हे घ्या’ अशी वेळ येत नाही. विमा योजनेच्या किंवा सरकारी पुरवठ्यातून औषध मिळत असेल, तर निविदा बदलली की कंपनी बदलू शकते, हे ध्यानात ठेवावे.

कंपनी बदलावीच लागली तर घाबरू नये आणि औषध बंद तर मुळीच करू नये. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे आणि ते सांगतील तेव्हा, बहुधा आठवडाभरात, रक्ताची पातळी तपासून घ्यावी. नवी पातळी स्थिर व्हायला चारपाच अर्धायुष्ये लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी तपासण्यात अर्थ नसतो. पातळी बदललेली दिसली तर डॉक्टर मात्रा बदलतात. एवढ्याने काम भागते.

वर्गात करून पाहण्यासाठी

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला द्या. दर बारा तासांनी पातळी निम्मी होते आणि प्रत्येक कॅप्सूल तीत ८ ची भर घालते, असे धरा. शून्यापासून सुरुवात करून, प्रत्येक कॅप्सूल घेण्याआधीची पातळी लिहीत जा: ०, ४, ६, ७, ७.५... ती कोणत्या आकड्याकडे जाते? मग मध्येच एक कॅप्सूल चुकवा आणि पातळी पुन्हा पूर्वीच्या जवळ यायला किती वेळा लागतात ते मोजा. त्यानंतर भर ८ ऐवजी ७ करा आणि नव्या कंपनीची कॅप्सूल सुरू झाली असे समजा. नवी पातळी कोठे स्थिरावते आणि त्याला किती दिवस लागतात, हे मुलांना स्वतःलाच सापडेल. भूमितीश्रेणी कशासाठी शिकायची, हा प्रश्न त्या तासाला बहुधा कोणी विचारणार नाही. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी अशी कॅप्सूल रोज घेतली जात असेल, तर ती नऊच्या ठोक्याला का घ्यायची, हे तो घरी जाऊन नीट समजावून सांगू शकेल.